दिवे लागल्यानंतरचं विरजण

मी घर सोडलं तेव्हा आई फाट्यापर्यंत आली नाही. ती पडवीत काठी घेऊन कावळ्यांशी लढत होती. दोरीवर पांढऱ्या सुती कापडाचा हातभर तुकडा वाळत होता, ताज्या दह्यात बुडवून काढलेला. आमच्या गुहागरकडच्या कावळ्यांना दह्याचा वास थेट मुंबईहून येतो, असं माझं ठाम मत आहे. फाट्यावर एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून गावातल्या म्हशी बुजवत होता, वडील पिशव्या उचलून ‘चला, चला’ करत होते, पण कापड पुरतं वाळल्याशिवाय आई मला उंबरा ओलांडू देईना. शेवटी तिने त्याची घडी केली, माझ्या पर्समध्ये पासपोर्टाशेजारी ठेवली आणि म्हणाली, “कोमट दुधात कोपरा बुडव. नि एक ध्यानात ठेव, दिवे लागल्यावर विरजण घराबाहेर द्यायचं नाही. घराची लक्ष्मी जाते.”

एवढाच निरोप. लेक समुद्रापलीकडे चालली होती आणि बाई दह्याबद्दल बोलत होती.

पण आमच्याकडची रीतच ती. लोकांच्या लेकी सासरी दागिने नेतात, आमच्या घराण्यातल्या दही नेतात. माझी पणजी खाडीपलीकडून होडीने आली. मध्येच वादळ उठलं, तेव्हा तिने कपड्यांची ट्रंक पाण्यात लोटली, पण विरजणाची करवंटी डोक्यावर धरली. मी लहानपणी ही कथा ऐकली तेव्हा लाटा कमरेएवढ्या होत्या. आता माझ्या तोंडी त्या माडाएवढ्या झाल्या आहेत. माझ्या नातीच्या तोंडी होडीचं विमान होईल, होऊ दे. तेच दही आजीकडे आलं, आजीकडून आईकडे, आणि आईकडून त्या कापडात बसून मस्कतच्या विमानतळावर.

तिथे कस्टमच्या साहेबाने घडी उलगडून वास घेतला. त्याला अशी शिंक आली की मागच्या रांगेतले चार पासपोर्ट आपोआप उघडले. “व्हॉट इज दिस?” माझं इंग्रजी तेव्हा नऊवारीतलं. घाईघाईत म्हणाले, “मदर. मदर्स मिल्क.” बिचारा कानापर्यंत लाल झाला, दोन बोटांनी कापड परत दिलं आणि हात हलवत म्हणाला, “यल्ला, यल्ला!”

आमचं बिऱ्हाड मस्कतपासून अडीच तासांवरच्या सोहारला. तिथे तेव्हा आजचं बंदर नव्हतं, मॉल नव्हते. औद्योगिक वसाहतीत मोजके कारखाने, त्यांतल्या एकात आमचे हे मेंटेनन्सला. डाव्या हाताला खडकाळ डोंगर, उजव्या हाताला समुद्र, मध्ये मी. आमच्या वस्तीत सगळे पुरुषच, तेही बॅचलर. म्हणजे बायका गावी ठेवून आलेले. पहिली बाई मी. मी गाडीतून उतरले तेव्हा एका केरळी कुकच्या हातातला डाव पडला तो, माझ्या माहितीप्रमाणे, अजून त्याने उचललेला नाही.

उन्हाळ्याबद्दल काय सांगू? फ्रिजमधून दूध काढून ओट्यापर्यंत नेईस्तोवर त्याचं दही होई आणि ताट वाढेस्तोवर ताक. पण पहिल्या रात्री मी भीतभीतच कापडाचा कोपरा डब्याच्या दुधात बुडवला होता. सकाळी झाकण उघडलं. घट्ट, कवडीदार, आमच्या घरच्या वासाचं. तेव्हा मात्र ओट्याला धरून मी जी रडले, ती आईच्या वाटचंही रडून घेतलं.

मग बातमी फुटली. भाभीकडे घरचं दही आहे! पोरं वाट्या घेऊन दारात. पण शिफ्ट सुटायची दिवे लागल्यावर. मी दार अर्धं उघडून सांगे, “खलास. उद्या उजेडी या.” उजेडी ते कामावर. कोणी पंजाबी, कोणी बिहारी, सगळे असे चेहरे करून परत जात की मला माझ्या लक्ष्मीचीच लाज वाटायला लागली. आईला दिलेला शब्द मोडवेना, आणि ही उपाशी तोंडं बघवेनात. शेवटी मार्ग काढला. सूर्य बुडायच्या आत सगळ्यांच्या वाट्या भरून बाहेरच्या पायरीवर ओळीने मांडायच्या, वर ओलं फडकं. दही उजेडीच घराबाहेर पडलं ना? मग ते कोण केव्हा उचलतो, याच्याशी लक्ष्मीचा काय संबंध? फोनवर आईला सांगितलं. ती म्हणाली, “वकील व्हायची होतीस.”

घरमालक ओमानी, त्याला आम्ही अर्बाब म्हणायचो. त्याला वाटलं मी गावातली मांजरं पाळतेय. दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी ओळीच्या शेवटी त्याचं पातेलं. “भाभी, मेरा भी.” पातेलं कसलं, त्यात पुढे झालेली माझी मुलगी आंघोळ करू शकली असती.

वर्षभराने वस्तीत दुसरी बाई आली. हमीदाभाभी, रत्नागिरीकडची, नवऱ्याचं किराणा दुकान. पहिल्याच दिवशी माझ्या पायरीवरचं विरजण घेऊन गेली. मी नियम सांगितला, तर म्हणाली, “आमची दादीपण हेच सांगायची, ताई. मगरिबनंतर दूध-दही द्यायचं नाय.” पुढे घरोघर बायका आल्या, पोरं झाली, आणि सोहारमधल्या निम्म्या घरांत माझ्या पणजीचं दही लागायला लागलं. निम्म्या म्हणजे, बरं, आठ-दहा. मग काही वर्षांनी हमीदाभाभी दुकानासकट मस्कतला हमरियाच्या गल्लीत गेली. बाकीच्यांच्या नोकऱ्या संपल्या, माणसं पांगली. नवीन येतात ती दुकानातला टब आणतात. त्यांना नावं ठेवत नाही, टबात दही असतं. माणूस नसतं.

परवाच्या उन्हाळ्यात आई गेली. आम्ही महिनाभर गावी होतो. दिवस झाल्यावर मी वहिनीला म्हटलं, आईचं दही दे थोडं. ती खाली बघत म्हणाली, “वन्सं, आत्या अंथरुणाला खिळल्या तेव्हाच ते मोडलं हो. आम्ही पिशवीतलंच आणतो.” मी म्हटलं, असू दे, माझ्याकडे आहे. सोहारला येऊन दार उघडलं, तर मेन स्विच पडलेला. फ्रिजमध्ये जे होतं, त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसांनी वाचू नये.

आईचा फोटो आहे, तिचं नेसतं पातळ आहे. पण जिवंत असं जे होतं, ते दोन्ही देशांत संपलं. मुलीला फोन केला, ती मस्कतमध्ये वादी कबीरला राहते. “आई, माझ्याकडे कुठलं? मी टब आणते.” मागून नात म्हणाली, “आजी, दही शॉपमध्ये आहे ना? मग तू का रडते?” त्या पोरीला मराठीत सांगण्याइतके शब्द माझ्याकडे नव्हते, आणि इंग्रजीत तर नव्हतेच.

मग आठवली हमीदाभाभी. ह्यांना गाडी काढायला लावली. ते आयुष्यात पहिल्यांदा ‘कशाला’ म्हणाले नाहीत. रस्त्यात ट्रॅफिक असा, की एक उंट आम्हाला ओव्हरटेक करून पुढे पेट्रोल भरताना दिसला. हमरियात पोहोचलो तेव्हा अजान होऊन गेलेली, दुकानांचे दिवे लागलेले.

तिने दार उघडलं, मला मिठी मारली, सगळं ऐकून घेतलं. डोळे पुसले. मग म्हणाली, “दही हाय, ताई. तुमचंच हाय, एक दिवस मोडलं नाय. पण आता नाय मिळायचं.”

“अगं, आई गेली माझी!”

“म्हणून तर. तिचाच नियम ना? मगरिब झाली. आज इथंच जेवा, इथंच झोपा, उद्या उजेडी न्या.”

“बाहेर पायरीवर ठेव, मी उचलते.”

“तिसरा मजला हाय. पायरी कुठली? आणि वकिली माझ्यासमोर नको.”

घरात मरण होऊन गेलेली बाई दारात उभी आणि ही नियम सांगतेय. हुबेहूब आई. कावळ्यांशी लढणारी.

त्या रात्री तिच्याकडे कुळथाचं पिठलं आणि भात जेवलो. सकाळी उन्हात तिने वाटी माझ्या हातात दिली. मी बोट बुडवून चाटलं. मी गप्प बसले, ही गोष्ट ह्यांनी पुढे आठवडाभर लोकांना सांगितली, आणि कोणी खरी मानली नाही.

आता हे रिटायर होतायत. नोकरी संपली की व्हिसा संपतो, इथल्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. तिकिटं झाली आहेत. “इतकी वर्षं राहिलात, तिथे करमेल का?” असं इथले विचारतात, आणि “आता कायमच्या घरी ना?” असं तिथले. दोघांनाही मी मोठमोठ्याने काहीबाही सांगते. खरं उत्तर एवढंच, की ज्या दारात मी रिकामी वाटी घेऊन उभी राहू शकते आणि आतली बाई मला नियम ऐकवू शकते, ते माझं घर. असं एक हमरियात तिसऱ्या मजल्यावर आहे. दुसऱ्याचं माहीत नव्हतं.

काल वहिनीचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, मग घुटमळत म्हणाली, “वन्सं, येताना विरजण आणाल?”

गॅलरीत दोरीवर कापड वाळत घातलंय. इथे कावळे आहेत, पण माझ्या हातात काठी बघून अर्बाबच्या गच्चीवर बसलेत. विमान दुपारी पोहोचतं, पुढे कोकणातला रस्ता. गावी पोहोचेपर्यंत दिवे लागलेले असणार. ह्यांनी विचारलं, “मग, नियमाचं काय?”

मी म्हटलं, आईने घराबाहेर द्यायला मना केलं होतं. घरात आणायला नव्हे.