विहिरीत सोडलेला कंदील

रॉकेलचा वास आला की मला ती विहीर आठवते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष संपवून मी सुट्टीत नाशिकजवळ मित्राच्या झेंडूच्या मळ्यावर गेलो होतो. कित्येक महिने बंद असलेल्या विहिरीत पंपाचा व्हॉल्व्ह अडकला होता, आणि तो मीच काढणार म्हणून मी भर दुपारी फुशारकीने पहिल्या पायरीवर उतरलो. "थांब जरा," मित्राचे वडील म्हणाले. त्यांनी पेटता कंदील दोरीने हळूहळू खाली सोडला. वारा अजिबात नव्हता, तरी अर्ध्यावर ज्योत आखडत गेली आणि कोणी चिमटीत धरावी तशी विझली. खाली नुसता गार काळोख उरला. "हे कशानं झालं रे, इंजिनेर?" त्यांनी विचारलं. मी पाठ केलेलं घडाघडा सांगितलं, की कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, तळाशी साचतो, त्यात काहीच जळत नाही. "आन् माणूस?" "माणूसही जगत नाही." ते माझ्या पायांकडे बघत राहिले. मीही खाली पाहिलं. बोलता बोलता मी आणखी तीन पायऱ्या उतरलो होतो. आता मी हाच धडा वर्गात शिकवतो, आणि शिकवताना एका हाताने टेबल घट्ट धरून ठेवतो.