राखून ठेवलेला चंद्र

टॉर्चबाईंनी पासवर्ड टाकला तो डाव्या हाताचा पंजा कीबोर्डवर आडवा धरून. शेजारच्याला उत्तर दिसू नये म्हणून परीक्षेत हुशार मुलं धरतात तसा.

शेजारी बसलेले खेळाचे सर हसले. "बाई, मला माझाच पासवर्ड आठवत नाही. तुमचा चोरून काय करू?"

"तुम्ही नाही चोरणार," बाई म्हणाल्या. आवाज जाड आणि खरखरीत निघाला. "हे चोरेल." आणि त्यांनी हनुवटीनं पडद्याकडे दाखवलं.

संगणकाच्या खोलीत मुलांच्या बुटक्या स्टुलांवर सगळे शिक्षक गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. त्यांना शिकवायला एक तरुण आला होता. त्याच्या गळ्यात कायम कसली ना कसली वायर लटकलेली असायची, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव वायरवाला पडलं. तो कुणावर चिडायचा नाही. इतिहासाच्या सरांनी माऊस उचलून पडद्याला लावला तेव्हाही तो हसला नाही. "असंही करून बघायला हरकत नाही सर," एवढंच म्हणाला. बाईंना तो तिथंच खटकला. इतकं गोड बोलणारा माणूस एक तर काही विकायला आलेला असतो, नाहीतर काही न्यायला.

काय न्यायला आला होता, ते त्यानं दुपारी सांगितलं. प्रत्येक वर्गात नवा फळा बसणार. फळ्याच्या वर कॅमेरा. प्रत्येक शिक्षकानं आपला सगळ्यात चांगला धडा त्यावर शिकवायचा आणि तो साठवून ठेवायचा.

"आणि नंतर?" बाईंनी विचारलं.

"नंतर तो शाळेकडे राहील, मॅडम."

"आणि आम्ही?"

सगळे हसले. बाईंनी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

बाई विज्ञान शिकवत. वरांड्याच्या टोकाची खोली त्यांची. तिच्या खिडक्यांना त्यांनी भांडून काळा कागद लावून घेतला होता, कारण त्यांना अंधार लागायचा. पर्समध्ये टॉर्च असायचा. त्यानं त्या प्रकाश शिकवत आणि त्याच टॉर्चनं बाकांच्या खालच्या चिठ्ठ्याही शोधत. टॉर्चबाई हे नाव कुठल्या कामावरून पडलं, हे मुलांनी कधी कबूल केलं नाही.

पण काही महिन्यांपासून मधल्या सुट्टीपर्यंत त्यांचा आवाज बसायचा. डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. स्वरतंतू जाड झालेत, म्हणाले. कमी बोला, नाहीतर एक दिवस आवाज पूर्ण जाईल. परत येईलही, पण कधी ते सांगता येणार नाही. बाईंनी हे फक्त नवऱ्याला सांगितलं. शाळेला कळलं तर काय होतं, ते त्यांनी पाहिलं होतं. गाणं शिकवणाऱ्या बाईंना ऐकू येईनासं झालं, तेव्हा त्यांना मोठ्या प्रेमानं पुस्तकांच्या कोठीत बसवलं गेलं. वर्गाबाहेरच्या त्या खोलीत त्यांनी निवृत्तीपर्यंत गठ्ठे बांधले आणि सोडले. बाईंना ती कोठी नको होती. त्यांना त्यांची अंधारी खोली हवी होती, शेवटच्या दिवसापर्यंत.

"कुठंतरी पाणी मुरतंय," घरी त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझा घसा बसायला आणि हा वायरवाला यायला एकच गाठ कशी पडते? कॅमेरा सगळ्यात आधी माझ्याच खोलीत का?"

"तुझी खोली वरांड्याच्या टोकाला आहे. वायर तिथूनच आत येते."

"तुम्हाला काय माहीत?"

"विजेचा खांब तिथं आहे, म्हणून माहीत." नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली ठेवलं. "चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हे. घसा तू लपवतेस आणि संशय दुसऱ्यांवर घेतेस."

"वन्संना तुम्ही काही बोललात?"

वन्सं म्हणजे नवऱ्याची मोठी बहीण. ती शाळेच्याच कार्यालयात कारकून होती आणि तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय शाळेत माशीही आत येत नसे.

"ताईला मी कशाला सांगू? तिला सांगावं लागतं का काही?"

हे उत्तर बाईंना आवडलं नाही.

धडा कॅमेऱ्यात भरायचा दिवस आला. बाईंनी चंद्राच्या कला निवडल्या, कारण सगळ्यांना माहीत होतं की तो त्यांचा धडा. नाही म्हणता आलं नसतं. पण त्यांनी आधीच ठरवलं होतं की खरं काही द्यायचं नाही.

खरं म्हणजे कपाटावरच्या खोक्यात होतं. थर्मोकोलचे गोळे, प्रत्येक गोळ्यात एक पेन्सिल खोचलेली. बाई खोली अंधारी करत, मधोमध एक दिवा लावत आणि प्रत्येक मुलाच्या हातात एक गोळा देत. हात लांब करायचा, गोळा डोळ्यांसमोर धरायचा आणि जागच्या जागी हळूहळू फिरायचं. मग ज्याच्या त्याच्या हातात ज्याचा त्याचा चंद्र कोरेपासून भरत जायचा. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरायची, तिच्यासाठी बाई इतकी वर्षं शाळेत येत होत्या.

कॅमेऱ्यासमोर त्यांनी फळ्यावर वर्तुळं काढली. पुस्तकातली वाक्यं पुस्तकातल्या क्रमानं म्हटली. "समजलं?" असं रिकाम्या बाकांना विचारलं आणि लगेच "छान" म्हटलं. शेवटी म्हणाल्या, "आज एवढंच."

वायरवाल्यानं कानावरून हेडफोन काढला. "झालं, मॅडम?"

"का? कमी वाटलं?"

"नाही, तसं नाही." त्याची नजर कपाटावर गेली आणि परत आली. "मला लहानपणी हे कधी कळलंच नाही. वाटलं, आज कळेल."

"पुस्तकात आहे. वाचा." बाई त्याला अहो-जाहो करत. कुंपण घालावं तसं ते 'अहो' होतं. पण ती नजर त्यांनी टिपली होती. खोक्याबद्दल ह्याला कुणी सांगितलं?

आणि एका सकाळी आवाज गेला. नवऱ्याला हाक मारायला तोंड उघडलं तर नुसती हवा आली. नवरा म्हणाला, रजा टाक. बाईंनी नकारार्थी मान हलवली आणि पर्स उचलली.

कार्यालयाच्या दारातच वन्सं उभ्या होत्या.

"गेला ना?" वन्सं म्हणाल्या. "बघू नकोस अशी. मीच सांगितलं मोठ्या बाईंना. गेले कित्येक दिवस तू हजेरी घेताना मुलांची नावं निम्मीच घेतेस, शेवटची अक्षरं गिळतेस. मला काय कान नाहीत? तूच सांगितलं असतंस, तर मला चुगली करावी लागली नसती."

बाईंनी पर्स काखेत घट्ट धरली.

"धडे भरून घ्यायची कल्पनाही त्यांचीच. म्हणाल्या, आवाज आहे तोवर भरून घेऊ."

कुणासाठी? बाईंना विचारायचं होतं. माझ्यासाठी, की माझ्या जागी? ओठ हलले. वन्संना ओठ वाचता येत नव्हते, किंवा वाचायचे नव्हते.

वर्गात वायरवाला मागच्या बाकावर बसला होता. नव्या फळ्यावर बाईंचा चेहरा आला आणि स्पीकरच्या पेटीतून त्यांचा आवाज निघाला, गेल्या महिन्यातला, जरा खरखरीत पण भरलेला. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात येऊन थांबल्या. मुलं मुकाट्यानं वर्तुळं उतरवून घेत होती.

"समजलं?" फळ्यावरच्या बाईंनी विचारलं. "छान."

मुलं खुदकन हसली. एका मुलीनं हात वर केला. "बाई, अमावास्येला पृथ्वीची सावली पडते, म्हणून चंद्र दिसत नाही ना?"

"आज एवढंच," फळ्यावरच्या बाई म्हणाल्या, आणि चित्र थांबलं.

दरवर्षी कुणीतरी हेच विचारायचं. हीच चूक मोडायला ते खोकं होतं.

"छान चाललंय," मोठ्या बाई दारातून हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही नसलात तरी चालेल. विश्रांती घ्या, बाई." आणि गेल्या. त्यांच्या बोलण्यात माया होती की कोठीची किल्ली, ते बाईंना ओळखता आलं नाही. कोठीची किल्लीही मायेनंच दिली जाते, हे मात्र त्यांना माहीत होतं.

मुलीचा हात अजून वरच होता.

बाई खुर्चीवर चढल्या आणि कपाटावरचं खोकं खाली काढलं. एका मुलाला बोटानं दिव्याचं बटण दाखवलं, एका मुलीला उघडी खिडकी. मुलं बाक सरकवू लागली. तेवढ्यात अंधारत चाललेल्या खोलीत त्यांना फळ्याच्या वर एक हिरवा ठिपका दिसला. कॅमेरा चालू होता.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'कॅमेरा बंद कर.' लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण त्याला 'अहो' केलं नाही. पुसायला हात गेला, पण त्यांनी तसंच राहू दिलं.

वायरवाल्यानं कुठलंतरी बटण दाबलं. ठिपका विझला.

बाई पुन्हा खुर्चीवर चढल्या आणि फळा पुसायचं फडकं झटकून कॅमेऱ्यावर टाकलं. मुलं हसून लोळली. वायरवालाही हसला.

मग दिवा लागला. बाईंनी हात लांब केला, गोळा धरला आणि एक पूर्ण फेरी घेऊन दाखवली. शब्दाची गरज लागली नाही. पूर्वी ह्याच वेळी त्या केवढं बोलायच्या, आणि कशाला, असा विचार त्यांच्या मनात आला. मुलं फिरू लागली. प्रश्न विचारणारी मुलगी दिव्याकडे तोंड करून थांबली. समोरचा गोळा पूर्ण काळा. तिनं मान वळवून मागं पाहिलं.

"अय्या! माझी सावली तर पाठीमागं पडलीय! ती चंद्रावर पोचेलच कशी?"

आणि ती शांतता आली.

मागच्या बाकापाशी वायरवाला उभा होता. बाई त्याच्याकडे गेल्या आणि पर्समधून टॉर्च काढला. आधी त्याच्या चेहऱ्यावर झोत टाकला, मग शर्टाच्या खिशावर, मग दोन्ही हातांवर. फोन कुठंच दिसला नाही, हात रिकामे होते. बाईंनी खोक्यातला एक गोळा काढून त्यातल्या एका हातात दिला.

झोत मात्र दुसऱ्या हातावर तसाच धरून ठेवला.