गुंडाळलेल्या कपबश्या

मंडळी, आज सकाळपासून जीव थाऱ्यावर नाही.

माझी नात रूथ कुसगावच्या ग्रामसभेत बोलली. ठाकरवाडीचं पाणी एका बंगलेवाल्याने अडवलंय, त्यावर. ती घरी पोहोचायच्या आत मला गावातून एकाचा फोन आला, "आजी, पोरीला आवरा. हे बरं न्हाई."

रूथ आली तेव्हा मी कपबश्या वर्तमानपत्रात गुंडाळत बसले होते. कधी सुरुवात केली, माझं मलाच कळलं नाही.

चाळीसच्या दशकात माझे वडील मावळात मेथडिस्ट चर्चचे पाळक होते. ज्यांना गावच्या विहिरीला शिवू देत नसत, त्यांच्याबरोबर ते घागर घेऊन उभे राहायचे. मग कुणीतरी चर्चमध्ये वरपर्यंत तक्रार करायचं आणि वडिलांची बदली व्हायची, चर्चने दिलेलं घर सोडावं लागायचं. म्हणून ते विहिरीकडे निघाले, की आई मुकाट्याने कपबश्या बांधायला घ्यायची.

रूथ हसली. "आजी, घर आपलं आहे. आपली कोण बदली करणार?"

खरंय. कपबश्या परत फळीवर मांडल्या.

पण उद्या ती पुन्हा वाडीवर निघालीय, आणि "जाऊ नकोस" अगदी ओठांवर आलंय. आई ते एकदाही म्हणाली नाही. तुम्हाला जमतं का हो, न म्हणणं?