चतुर्थीच्या जांभया

सोमवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. सुदामा नगरातल्या घराच्या पुढच्या खोलीत शशिकला पागनीस शिलाई मशीनवर ब्लाउजला अस्तर लावत आहेत.

"आंटी, कल मिल जाएगा?" दारातली पलक विचारते.

"कल चौथ है बेटा. परसों आ."

उद्या उपास धरायचा की नाही, हे मात्र शशिकलाबाईंचं अजून ठरलेलं नाही.

गेल्या वर्षी जिन्यावर पाय घसरला आणि कंबर धरली. हाडांच्या डॉक्टरांनी दहा दिवसांसाठी ट्रामाडॉल हे वेदनाशामक लिहून दिलं. कंबर शांत झाली, मनही हलकं झालं, तासन्‌तास मशीनवर बसता येऊ लागलं. दहा दिवस संपले, पण कोपऱ्यावरचा औषधवाला जुनी चिठ्ठी पाहून गोळ्या देत राहिला. एकीच्या दोन झाल्या, मग चार. डॉक्टरांनीच दिलेली गोळी, त्यात कसली भीती?

गोंधळ सुरू झाला तो संकष्टीला. हा उपास त्या लग्नापासून धरतात. चंद्रोदयापर्यंत पाणी आणि चहा चालतो, औषध चालत नाही, सासूबाईंची शिस्त. पण आता दर चतुर्थीला दुपारनंतर जांभया, नाक गळणं, अंगावर काटा. पाय एका जागी ठरेनात. चंद्र पाहून जेवल्या, गोळी घेतली की तासाभरात बऱ्या.

"पोटात अन्न गेलं की ठीक. म्हणजे उपास सोसत नाही तुला," पती शरदराव म्हणाले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले. नोकरीभर लाइनमधले फॉल्ट शोधत होते.

शेजारच्या भानुमतीबाईंचं निदान वेगळं. "भाभीजी, खजराना मंदिर वाले बाप्पा नाराज हैं आपसे. लड्डू कम चढ़ाए होंगे."

शशिकलाबाईंनी उपास धरणंच बंद केलं. पुढच्या चतुर्थीला काहीच झालं नाही. घरात सगळ्यांची खात्री पटली.

मग औषधाच्या दुकानात नवा माणूस आला. त्याने नवी चिठ्ठी मागितली, गोळ्या दिल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पोटभर पोहे खाऊनही दुपारी जांभया सुरू झाल्या.

"अगं, आज तर तू जेवलीस," शरदराव म्हणाले. "मग ये क्या चक्कर है?"

घरच्या डॉक्टरांनी गोळ्यांचा हिशोब ऐकला आणि त्यांना मानसोपचारतज्ज्ञ कस्तुरी दिघे यांच्याकडे पाठवलं.

"काकू, झोपेची गोळी पण घेता?" त्यांनी विचारलं.

"कधी कधी. भानुमतीबाईंची."

"दोन्ही मिळून श्वास मंदावतो, झोपेत बंदही पडू शकतो. नुसतं ट्रामाडॉल जास्त झालं तरी फिट येऊ शकते."

"पण मी नशा नाही हो करत. घरात तंबाखूसुद्धा नाही."

"तुम्ही नशेसाठी घेतली असं मी म्हणतच नाही. शरीराला तिची सवय लागली. गोळी चुकली की ते आजारी पडतं. उपास बिचारा फुकट बदनाम झाला."

"मग आजपासून बंद करते."

"एकदम नाही. मी सांगेन तशी, हळूहळू कमी करायची."

हे शशिकलाबाईंना अजून उमगलेलं नाही. जिने नुकसान केलं, तीच रोज घ्यायची? आणि कंबर दुखते तेव्हा ती खरंच दुखते, की शरीर गोळी मागतं? डॉक्टर म्हणाल्या, कधी हे, कधी ते; काही दिवस तुम्हालाही कळणार नाही.

पलक गेल्यावर त्या मशीन थांबवतात. "अहो, गोळी घेतली तर उपास मोडतो का?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या ना, चुकवायची नाही."

"ते त्यांनी सांगितलं. मोडतो का, ते कोण सांगणार?"

"गुरुजींना फोन लावू?"

"आणि काय सांगाल? पागनीसांची बायको गोळ्या खाते?"

शरदराव चष्मा पुसतात. शशिकलाबाई अस्तर उलटं लागलेलं पाहतात आणि उसवायला घेतात. वर न बघता म्हणतात, "धरते मी. मोडला तर मोडला."

गोळ्या आता शरदरावांच्या कपाटात, कुलपात असतात. उद्या मंगळवारी सकाळी आठला ते एक गोळी आणि पाण्याचा पेला आणून देतील. दहाला मशीन सुरू होईल.