अनघाच्या खोलीतली तिसरी खुर्ची

आमच्या दाराला कधी लिंबू-मिरची टांगली गेली नाही. तुमच्या आजोबांच्या फोटोसमोर मी रोज फूल ठेवते, पण फोटोशी बोलत नाही. एकतीस वर्षं कॉलेजच्या लायब्ररीत काढली. भुताखेतांची पुस्तकं मी कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावायची, आणि त्यांची जागा तीच आहे असं माझं आजही मत आहे.

तरीही हे लिहिते आहे. निहार, ईरा, मुख्यतः तुम्हा दोघांसाठी. टोरांटोहून तुम्ही दर रविवारी विचारता, "आजी, आत्या आता कशी आहे?" आणि मी "बरी आहे" म्हणून विषय बदलते. वाचकांच्या अनुभवांच्या या सदरात पाठवायची कल्पना ईराची. तुमच्या सुचेता आत्याची परवानगी घेतली आहे. मी हाताने लिहिते, टाइप तीच करणार आहे.

आमचं घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर, हे तुम्हाला माहीत आहे. इतर वाचकांसाठी सांगते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. दीड वर्षापूर्वी घटस्फोट झाल्यावर सुचेता इथे राहायला आली. अठरा वर्षांचा संसार, आणि आली ती तीन सूटकेस घेऊन. पहिले काही महिने ठीक गेले. मग एक दिवस साकीनाक्याच्या ऑफिसातून मला तिचा फोन आला — "आई, मी लिफ्टमध्ये शिरूच शकत नाहीये. छातीत नुसतं धडधडतंय. मी मरणार आहे का गं?"

हार्टच्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. हृदय उत्तम. म्हणाले, "थेरपिस्टला भेटा."

आता हे माझ्या आवडीचं काम! मी एक रजिस्टर घेतलं आणि रकाने आखले — नाव, शिक्षण, ठिकाण, भाषा, वेळ, शेरा. पहिली अंधेरीची. शेरा: "बोलताना लॅपटॉपकडे पाहते." दुसरे बोरिवलीचे एक गृहस्थ. त्यांनी सुचेताला सांगितलं, रोज पहाटे उठा आणि नवऱ्याला माफ करा. शेरा लिहिलाच नाही, नावावर काट मारली. तिसरी ऑनलाइन. पाऊण तासात अर्धा वेळ "हॅलो, आवाज येतोय का?" सुचेता म्हणाली, "आई, वाट लागली माझी. हिलाच माझ्यापेक्षा जास्त टेन्शन आहे."

चौथी अनघा. मुलुंड पश्चिमेला, टाइल्सच्या दुकानाच्या वरची खोली. मी फोन करून बारा प्रश्न विचारले. तिने बाराही उत्तरं शांतपणे दिली आणि शेवटी म्हणाली, "काकू, तुम्हाला स्वतःसाठी यायचंय का?"

"मला? मला काय झालंय!"

तर ही बाई मी शोधली. माझ्या रजिस्टरमधून निघाली. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं कळेल.

दर गुरुवारी पाच ते पाच पन्नास. दुसऱ्या महिन्यापासून सुचेता जेवायला लागली. लिफ्टने वर जायला लागली. गुरुवारी घरी यायची ती चेहरा धुतल्यासारखा मोकळा करून. मला आनंद व्हायला हवा होता... झालाही. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि या वयात खोटं कशाला लिहू — मला त्या अनघाचा हेवा वाटत होता. जळजळीत हेवा.

मी विचारायची, "आज काय बोललात?"

"आई, ते तिथलं तिथेच राहतं."

"माझ्याबद्दल बोलता का?"

"कधी कधी."

"म्हणजे काय बोलता?"

"आई, प्लीज ना."

ताप आला की रात्रभर जागायची मी. दहावीला तिच्या वह्यांना कव्हरं घालायची मी. आणि पन्नास मिनिटांत सगळं ऐकणार कोण, तर एक परकी बाई, जिला ही पहिल्या दिवसापासून नुसतं "अनघा" म्हणते! बाजारात वांगी घेतानाही हिचं सुरू — "अनघा म्हणते, आधी श्वास सोडायचा." अगं, श्वास सोडायला काय मी शिकवलं नव्हतं?

मी क्षुद्रपणाही केला. माझ्या दाढेची अपॉइंटमेंट मुद्दाम गुरुवारी पाचची घेतली. सुचेता म्हणाली, "शुक्रवारी करून घे ना गं." मी म्हटलं, "हो, माझी दाढ काय, थांबेल!" ती पर्स उचलून गेली. डेंटिस्टला फोन करून शुक्रवार मीच मागून घेतला. रजिस्टरमध्ये अनघाच्या नावापुढचा शेऱ्याचा रकाना मात्र मी रिकामा ठेवला होता. "उत्तम" लिहायला हात धजत नव्हता.

आता तो गुरुवार. फेब्रुवारीतला.

मी हॉलमध्ये माझ्या वेताच्या खुर्चीत बसून मेथी निवडत होते. स्वयंपाकघरात शुभांगी पोळ्या करत होती. ती कणकवलीची, आमच्याकडे सहा वर्षं येते. टीव्ही बंद. माझा फोन आत चार्जिंगला. मी घड्याळाकडे पाहिलं — पाच वाजून वीस मिनिटं. दर गुरुवारी मी घड्याळ पाहतेच. मनात म्हटलं, आता माझी पापं वाचली जात असतील.

आणि सुचेताची हाक आली. "आई."

लांबून नाही, फोनवरून यावी तशीही नाही. समोरच्या खुर्चीवरून यावी तशी. समोर खुर्ची नव्हतीच, तिथे टीपॉय आहे. मी दाराकडे पाहिलं. दार लावलेलं.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी तू मला परत का पाठवलंस?"

मुलांनो, कोणता दिवस ते आधी सांगायला हवं. तुमच्या बाबांनाही हे माहीत नाही.

सुचेताच्या लग्नाला सात महिने झाले होते. एका दुपारी ती एक छोटी बॅग घेऊन घाटकोपरहून एकटीच आली. म्हणाली, "आई, मला तिथे राहायचं नाही." पुढच्याच आठवड्यात तुमच्या बाबांचा साखरपुडा होता. घरात पाहुण्यांची यादी, हॉल ठरलेला, तुमच्या आईकडची माणसं रोज फोनवर. मी तिला पूर्ण बोलूही दिलं नाही. चहा दिला आणि म्हटलं, "साखरपुड्याच्या तोंडावर हे नको. दोन घरांत चर्चा होईल. आज जा, नंतर बघू." सोसायटीच्या गेटवर तिला रिक्षात बसवलं. ते "नंतर" मी पुन्हा कधी काढलं नाही. तिनेही नाही. एकोणीस वर्षं.

मेथी मांडीवर तशीच. आणि मी उत्तर दिलं. मोठ्याने, नेहमीच्या आवाजात. मला त्यात काही विचित्र वाटलंच नाही, हेच विचित्र.

मी म्हटलं, "मी आले होते गं तुझ्या मागे. दुसरी रिक्षा करून. तुझ्या बिल्डिंगसमोरच्या मेडिकलपाशी उभी होते. तुझ्या स्वयंपाकघरातला दिवा लागेपर्यंत. घाईत एका पायात माझी चप्पल आणि एका पायात तुझी कॉलेजची निळी. मेडिकलवाला माझ्या पायांकडे बघत होता."

"काकी, कोणाशी बोलतास ओ?" शुभांगी लाटणं हातात घेऊन दारात उभी होती.

"कोणाशी नाही."

"मगे त्या चपला कोणाच्यो?"

मी तिला आत पाठवलं. आवाज पुन्हा आला नाही. माझ्या सवयीप्रमाणे मी किराण्याच्या वहीत लिहून ठेवलं — "५.२०. सुचूचा आवाज." खाली काय लिहावं ते सुचेना. वही मिटली.

साडेसहाला सुचेता आली. चप्पल न काढताच माझ्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं, पुन्हा धडधड सुरू झाली की काय.

"आई, एक विचारू? तू कधी घाटकोपरला माझ्या बिल्डिंगसमोर उभी राहिली होतीस?"

मी खुर्चीत पुढे सरकले.

"दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून?"

ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. तुमच्या आजोबांनाही नाही. मी, जिचे चमचेसुद्धा मापाप्रमाणे लावलेले असतात, ती भर रस्त्यात एक तपकिरी आणि एक निळी चप्पल घालून दोन तास उभी होती, हे कोणाला सांगणार? परत आल्यावर निळी चप्पल पुसून जागेवर ठेवली होती.

मग तिने सांगितलं. थेरपीत एक पद्धत असते. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, ज्या माणसाशी बोलायचं राहिलंय ते तिथे बसलंय असं समजायचं आणि बोलायचं. मग उठून त्या खुर्चीवर आपणच बसायचं आणि त्या माणसाच्या वतीने उत्तर द्यायचं. त्या दिवशी अनघाने कोपऱ्यातली तिसरी खुर्ची समोर ओढली आणि म्हणाली, "इथे आई आहे." सुचेताने समोरच्या घड्याळात पाच वीस पाहिले आणि डोळे मिटले. प्रश्न विचारला. अनघा म्हणाली, "आता तिकडे बस आणि आई काय म्हणेल ते बोल."

"आणि मी म्हटलं, नको, थांब," सुचेता म्हणाली. "ती बोलतेय."

शुभांगी निघताना म्हणाली, "चपलांचा काय झाला ता माका उद्या सांगा हां." आणि आम्ही दोघी हसलो. हसता हसता सुचेता रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण सुचेता डोळे पुसत म्हणाली, "आणि शेवटी तू जे म्हणालीस ना आई... त्यासाठी थँक यू."

"शेवटी काय म्हणाले?"

"'चुकलं माझं, सुचू. साखरपुडा मोडला असता तरी तुला ठेवून घ्यायला हवं होतं.'"

मी ते म्हटलं नव्हतं.

मला पक्कं माहीत आहे. मेडिकलवाल्यापर्यंत आले आणि शुभांगीने हाक मारली. दुसऱ्या दिवशी तिला आडून आडून विचारलंही. "चपलांपर्यंतच बोललास काकी. मगे गप झालास." शिवाय ते शब्द माझे नव्हेतच. मी माझ्या आयुष्यात कोणाला "चुकलं" म्हटल्याचं मला आठवत नाही. तुमच्या आजोबांना विचारता आलं असतं तर त्यांनी दुजोरा दिला असता.

पण हे सुचेताला सांगायचं धाडस झालं नाही. ती इतकी हलकी झाली होती.

पुढच्या महिन्यात तिच्याबरोबर मी अनघाला भेटायला गेले. माझ्या मनात होती तशी ती दिसत नाही. पन्नाशीची, केस अर्धे पिकलेले, साधी सुती साडी. खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर आणि तिसरी कोपऱ्यात, प्लास्टिकची, पांढरी. सुचेता खाली पार्किंगमध्ये फोनवर बोलत होती तेवढ्यात मी विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काही ऐकलंत?"

"नाही काकू. मी फक्त सुचेताला पाहत होते. ती बराच वेळ मान हलवत होती."

"असं तुमच्याकडे होतं का कधी?"

"लोक रडतात, भांडतात. एकाने खुर्चीला लाथ मारली होती. पण समोरून उत्तर आलं असं कोणी सांगितलं नव्हतं." मग ती म्हणाली, "त्या दिवशी खोलीत मेथीचा वास येत होता. इथे स्वयंपाक कोणीच करत नाही. खाली टाइल्सचं दुकान आहे."

मी लायब्ररीत शिकले तसं सगळं तपासलं. सुचेताने तेव्हा मला खिडकीतून पाहिलं असेल? तिच्या घाटकोपरच्या घरून, तेही तिसऱ्याच मजल्यावर, संध्याकाळच्या उजेडात चपलांचे रंग दिसत नाहीत, आणि पाहिलं असतं तर तो प्रश्न एकोणीस वर्षं पोटात ठेवलाच नसता. मी झोपेत बडबडले असेन? तर मग वेळ कशी जुळली? मेथीचा वास तिच्या ओढणीला लागून गेला असेल, हे मी मान्य करते. बाकी कशालाच उत्तर नाही. घरी येऊन रजिस्टरमध्ये अनघाच्या नावापुढे "उत्तम" लिहिलं. तिचा हेवा संपला.

पण हेवा संपला नाही, त्याने जागा बदलली. आता मला त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या बाईचा हेवा वाटतो. तिचा आवाज माझाच होता, असं सुचेता म्हणते. मुलीने विचारलं आणि तिने सरळ सांगून टाकलं. मला एकोणीस वर्षांत जे जमलं नाही ते तिने एका श्वासात केलं, आणि "थँक यू" मात्र मी घेतलं. ते परत करायला हवं.

म्हणून ही पानं. सुचू, हे टाइप करताना तू इथपर्यंत येशील, तेव्हा मी आत स्वयंपाकघरात असेन, मुद्दामच. तिथे मी ते म्हटलं नव्हतं गं. कोण म्हणालं ते मला माहीत नाही. आता मी म्हणते आहे, माझ्या हाताने, माझ्या पेनने.

चुकलं माझं.

टाइप झालं की हाक मार. ये म्हणून ओरडू नकोस, नुसतं "आई" म्हण. मला ऐकू येतं.