बिनदोऱ्याची शिवण

"बाई, मशिनीला हात कुनी लावला?" चंद्रा दारातूनच म्हणाली. ती काही केल्या उंबरा ओलांडेना.

कोपऱ्यातल्या मशीनमध्ये वर्तमानपत्राचा कागद अडकला होता. त्यावर सुईच्या भोकांच्या दोन ओळी होत्या. दोरा कुठेच नव्हता. कुलूप मी आत्ताच, माझ्या हाताने काढलं होतं.

हे लोणी भापकरच्या शिवणवर्गात घडलं. पन्नास सालानंतर विकास योजनेची नवी नवलाई होती. ब्लॉकने, म्हणजे विकास गटाच्या ऑफिसने, पायाने चालवायची चार मशीनं दिली आणि शिकवायला मला. मी बारामतीहून एस.टी.ने जायची. वर्ग दुपारचा, बायकांची रानातली निम्मी कामं उरकल्यावर.

नवशिक्या बाईला मी पहिले आठ दिवस दोरा देत नसे. कागदावर पेन्सिलीने रेघ मारायची आणि बिनदोऱ्याची सुई त्या रेघेवरून न्यायची. हाताची आणि पायाची ओळख पटली की मग दोरा. निघताना मी मशीनच्या चाकावरचा चामडी पट्टा उतरवून ठेवी, म्हणजे कुणी उगाच चालवू नये. त्या दिवशी कोपऱ्यातला पट्टा चाकावर चढवलेला होता.

"ताराच आली आसंल," चंद्रा हळूच म्हणाली. "ह्याच खोलीत गेली ती, बाळातपनात."

तारा ही भागाबाईंची सून. खोली भागाबाईंचीच. त्यांनी ती वर्गाला फुकट दिली, तेव्हाच मला नवल वाटायला हवं होतं. त्यात पितृपंधरवडा चालू होता. या दिवसांत गेलेली माणसं घराकडे येतात, हे लोणीतल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी कागदावर तीन ओळी होत्या. तिसऱ्या दिवशी पाच. तेरा बायकांच्या सात झाल्या, सातांच्या चार.

ब्लॉकचे साहेब मला ऑफिसात म्हणाले, "बाई, दहाच्या खाली वर्ग चालत नाही. डाळज गावाची मागणी आलीय. सोमवारी येतो, बघतो, नाहीतर मशीनं उचलतो."

"साहेब, पंधरवडा सरू द्या."

"भुताखेतांसाठी सरकार थांबत नाही."

साहेबांना काय, मशीन कुठंही ठेवता येतं. चंद्राला कुठं ठेवणार? तिला नवऱ्याने टाकलेलं. भावाच्या घरी राहायची. भावजयीने तोंडावर सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत कमवायला लाग, न्हाय तर वाट धर. म्हणूनच ती भीत भीत का होईना, रोज यायची. मला तिची फार काळजी वाटत होती.

चौथ्या दिवशी मी सगळे कागद शेजारी शेजारी मांडले. पहिल्या दिवसाची ओळ दारू प्यायलेल्या माणसासारखी चाललेली. चौथ्या दिवसाची जवळजवळ सरळ. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग रागही आला. भुताला सराव कशाला लागतो?

त्या रात्री मी चंद्राकडेच राहिले. तांबडं फुटताना दोघी खोलीपाशी गेलो. कुलूप जागच्या जागी होतं. आणि आत मशीन चालू होतं. दोरा नसला की मशीनचा आवाज कोरडा येतो, कुणी रिकामी दाढ चावत बसल्यासारखा. चंद्राने माझा दंड इतका घट्ट धरला की पुढे दोन दिवस वळ होता. माझी किल्ली दोनदा चुकली.

आत भागाबाई बसल्या होत्या. मागच्या भिंतीला ज्वारीच्या पोत्यांआड एक दार होतं, त्यांच्या घरात उघडणारं. ते खिळे मारून बंद केलंय, असं मी कुणालाही न विचारता धरून चालले होते. त्यांच्या मांडीवर हिरवा खण होता.

"मावशी, तुम्ही?"

त्यांनी पाय थांबवला. "तारा म्हनायची, बारामतीला जाती, शिवान शिकती. म्या म्हनलं, शिकून काय मामलेदारीन व्हनार हायेस? ह्यो खण तिनं चोळीसाठी ठिवला व्हता. परवा तिची नवमी हाय."

सवाष्णपणी गेलेल्या बाईसाठी पितृपंधरवड्यात अविधवा नवमीला सवाष्ण जेवू घालतात, खणानारळाने तिची ओटी भरतात. भागाबाईंना नुसता खण द्यायचा नव्हता. चोळी शिवून द्यायची होती, स्वतःच्या हाताने.

"मग वर्गात का नाही बसलात?"

"कुठल्या तोंडानं बसू? सुनंला न्हाय म्हनलं, आन आता आपुन?"

मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. मी म्हटलं, "तुमच्या तोंडापायी वर्ग मोडतोय, मावशी. ह्या चंद्राचं काय होईल?"

त्या चंद्राकडे वळल्या. "तू येशील का गं सवाष्ण म्हनून?" टाकलेल्या बाईला असं बोलावणं कुणी करत नसे. चंद्रा रडायलाच लागली.

दुपारी भागाबाई पदर सावरून सगळ्यांदेखत कोपऱ्यातल्या मशीनवर बसल्या आणि सांगितलं, "ती तारा न्हवती. मी व्हते." दोन दिवसांत आम्ही चोळी केली. सरळ शिवण त्यांची, काखेची गोलाई माझी. नवमीला चंद्राने ती घातली. माप ताराचं, पण तिला नेमकी बसली.

सोमवारी साहेब आले. भागाबाई धरून दहाजणी हजर. वर्ग राहिला. दिवाळीला चंद्राने पहिली झबली मोरगावच्या बाजारात नेऊन विकली, आणि भावजयीचं तोंड बंद झालं.

त्या सोमवारी जाताना साहेबांनी त्या दिवसाच्या सरावाच्या कागदांची चळत चाळली. "बाई, हजेरी दहा आणि कागद अकरा?"

अकराव्या कागदावर भोकांची वर्तुळं होती, एकात एक, बांगडीसारखी गोल. गोल शिवण मी अजून एकीलाही शिकवली नव्हती. मी भागाबाईंकडे पाहिलं.

"मला कुठं येतंय गोल?" त्या म्हणाल्या. "आन नवमीपासनं त्या मागच्या दाराला माझ्या घराकडनं कुलूप हाय."

त्या दिवसापासून प्रत्येक कागदावर नाव लिहून घ्यायचा नियम मी केला. तरी आठवड्याला एखादा बिननावाचा निघायचा, काम मात्र चोख. हजेरी मी दहाच लिहीत राहिले. कोपऱ्यातल्या मशीनचा पट्टा तेवढा उतरवायचा सोडून दिला.