आजी त्यांना ‘मेल्या’ म्हणायची

मैत्रिणींनो, नवऱ्याचे साहेब या ग्रुपवर नाहीत, म्हणून इथे लिहितेय.

आज सकाळी साहेबांसोबत आम्ही दहा-बारा मराठी मंडळी जुनं सिंगापूर बघायला गेलो होतो. माहिती सांगणारे काका सत्तरीचे, इथेच जन्मलेले. नदीकाठी थांबून ते इंग्रजीत म्हणाले, “माझे पणजोबा तुमच्या कोकणातले. इंग्रजांनी बेड्या घालून जहाजातून आणलं. इथले कितीतरी रस्ते त्या कैद्यांनी बांधले.”

मग जरा लाजत त्यांनी विचारलं, “आजी मला जवळ घेऊन एक शब्द म्हणायची, तिच्या वडिलांकडून आलेला. इथे कुणालाच कळत नाही. ‘मेल्या’ म्हणजे काय?”

साहेब फिस्सकन हसले. “अंकल, मेल्या म्हणजे मेलेला माणूस! आजी शिव्या द्यायची तुम्हाला. कैद्याचीच मुलगी ना!”

सगळे हसले. मीही हसले.

मी रत्नागिरीची. भावाला ताप आला की आई त्याचं डोकं मांडीवर घेऊन म्हणायची, “दोन घास खा रे मेल्या.” मला सगळं माहीत होतं. पण पुढच्या महिन्यात नवऱ्याचा इथला कामाचा पास रिन्यू व्हायचाय, आणि तो साहेबांच्या हातात आहे.

काका म्हणाले, “ओह. मला वाटायचं, तिचा माझ्यावर जीव होता.”

पुढे तासभर त्यांनी आम्हाला सगळं नीट दाखवलं. निघताना मी त्यांच्याकडे वळले, तेवढ्यात साहेबांनी हाक मारली, “वहिनी, ग्रुप फोटो!” मी जाऊन उभी राहिले. फोटो काकांनीच काढला.

आता त्यांना शोधून खरा अर्थ सांगितला, तर पटेल का त्यांना?